उजव्या हाताला वाळा, डाव्या हाताला पॅरिस

लग्नाला जाताना पुरुषाने अंगाला काय लावावं, या विषयावर आपल्या समाजात फारसं चिंतन झालेलं नाही. साडी, दागिने, अंबाडा यांवर घरात महिना महिना खल चालतो. पुरुषाची तयारी दोन प्रश्नांत आटोपते : दाढी केली का, आणि झब्ब्याला इस्त्री आहे का. तिसरा प्रश्न मी आपणहून उपस्थित केला आणि त्याची फळं आपणहूनच भोगली.

निमित्त भाचीच्या लग्नाचं. लग्न अकोल्यात आणि तेही मे महिन्यात, म्हणजे पारा 44-45 अंशांच्या घरात. त्यात मी मुलीचा मामा. नवरीला हाताला धरून मांडवात आणायचं, मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागे उभं राहायचं आणि झाडून सगळ्या फोटोंत यायचं. फोटोला वास नसतो, ही त्यातली सोय. पण गुरुजी, करवल्या, व्याही, व्हिडिओवाला ही सगळी मंडळी हाताच्या अंतरावर. अशा गर्दीत आपला वास ताजा असावा, असं मला वाटू लागलं. नुसता ताजा नव्हे, हिरवा. उन्हाळ्यात पुरुषांनी हिरवे सुगंध वापरावेत, असं कुठल्याशा रंगीत पुरवणीत वाचलं होतं. जन्मभर टाल्कम पावडरीवर निभावलेल्या माणसाला असली वाक्यं फार लवकर पटतात.

पहिला उमेदवार मॉलमध्ये भेटला. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "सर, फ्रेश हवंय की वूडी?"

"हिरवं," मी म्हणालो.

तिने आधी शर्टांच्या विभागाकडे बोट केलं. मग माझं नाक पुढे आलेलं पाहून तिच्या लक्षात आलं. "ओह, ग्रीन!" तिने कागदाच्या पट्टीवर फवारा मारला, पट्टी हवेत दोनदा झटकली आणि माझ्यापुढे धरली. मी तिथेच गारद झालो. कापलेलं गवत, मोडलेले देठ, दव, पहाटेचं शेत. आमचं शेत आजोबांनीच विकून टाकल्यामुळे पहाटेच्या शेताबद्दल मला फार जिव्हाळा आहे.

"टॉप नोट गॅल्बनम आणि व्हायोलेट लीफ, सर. बेसला व्हेटिव्हर." जुन्या वर्गमित्रांची नावं ऐकल्यासारखी मी मान डोलावली. मग तिने आणखी पट्ट्या पुढे केल्या आणि थोड्याच वेळात माझ्या नाकाने संप पुकारला. एकच वास सारखा आदळत राहिला की नाक त्याची दखल घेणं थांबवतं. ही निसर्गाची योजना आहे, नाहीतर डोंबिवलीत कोणाला घर घेता आलं नसतं. मुलीने कॉफीच्या बियांची वाटी पुढे केली. ती हुंगली की नाक पुन्हा कोरं होतं म्हणे. प्रत्यक्षात कॉफीने नाकाला साध्या हवेपेक्षा जास्त मदत होत नाही, असं प्रयोगातून दिसलेलं आहे. पण त्या क्षणी हे मला माहीत नव्हतं, आणि ती वाटी मी अशा काही तन्मयतेने हुंगली की मागच्या बाईंनी माझ्यासाठी रांग सोडली.

किंमत बाटलीच्या तळाला चिकटवलेली असते. बाटली उलटी केली की गिऱ्हाईक सुलटं होतं. मी अत्यंत सुसंस्कृत आवाजात म्हणालो, "जरा विचार करून येतो, तोवर नमुना मिळेल का?" तिने इवलीशी कुपी दिली आणि एक फवारा माझ्या डाव्या मनगटावर मारला. आता माझ्या डाव्या हाताला पॅरिस होतं.

दुसरा उमेदवार मोहम्मद अली रोडला भेटला. तिथल्या एका अत्तराच्या दुकानात वृद्ध मालक गादीवर बसले होते. मी लग्नाचं सांगितलं. त्यांनी वधू-वरांची, हुंड्याची, जेवणाची कसलीच चौकशी न करता एवढंच विचारलं, "मौसम कौन सा है?"

मे, अकोला, असं सांगताच त्यांनी सहानुभूतीने मान हलवली. हिना आणि शमामा ही थंडीतली अत्तरं. उन्हाळ्यात गुलाब, मोगरा, केवडा, आणि या सगळ्यांच्या वर खस, म्हणजे आपला वाळा. त्यांनी काचेची कांडी बुचातून काढून माझ्या उजव्या हाताच्या पाठीवर टेकवली. मी लगेच दुसऱ्या हाताने चोळायला गेलो, तर "रगड़ना मत!" अशा आवाजात ओरडले की दोन गिऱ्हाइकांनी आपापले हात मागे घेतले.

मग त्यांनी मला वाळा समजावून सांगितला. कनौजमध्ये वाळ्याची मुळं धुऊन, भिजवून तांब्याच्या भल्यामोठ्या देगेत घालतात. देगेचं तोंड मातीने लिंपून खाली मंद जाळ ठेवतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते, भपका पाण्यात बसवलेला असतो, तिथे ती थंड होते. साध्या अत्तराला भपक्यात चंदनाच्या तेलाची बैठक असते. ती बैठकही नसेल आणि नुसतं मुळाचंच तेल असेल तर ती रूह. तांब्याच्या संगतीने या रूहला हिरवट झाक येते. त्यांनी कुपी उजेडात धरून दाखवली. खरोखरच हिरवी! मला भरून आलं. मॉलमधला हिरवेपणा नाकाच्या भरवशावर घ्यावा लागत होता, इथे तो डोळ्यांना दिसत होता.

पेच मात्र इथूनच सुरू झाला. पॅरिसवाला दिसायला पाण्यासारखा आणि वासाने हिरवागार. कनौजवाला दिसायला हिरवा, पण वासाने मातीतला : पहिल्या पावसाआधीचं ढग दाटलेलं दुपारचं अंगण, मुळं, ओल, आणि कडेकडेने गवत. मी माझ्या ज्ञानाचं थोडं प्रदर्शन केलं. आमच्याकडे वेणीत मरवा माळतात, चैत्रात जोतिबाला दवणा वाहतात, तेव्हा हिरव्या वासाचं आम्हाला काही अप्रूप नाही, वगैरे. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तोळ्याचा भाव सांगितला. मी पाव तोळा घेतला.

परतताना लोकलमध्ये दोन्ही हात एकमेकांपासून लांब ठेवणं भाग होतं, नाहीतर पॅरिस आणि कनौज यांची सरमिसळ झाली असती. म्हणून मी दोन हातांनी दोन कड्या धरून उभा राहिलो. परिणामी माझी दोन्ही मनगटं दोन अनोळखी इसमांच्या नाकांशी आली. उजवीकडचा डोळे मिटून पेंगू लागला. डावीकडच्याने दोनदा हुंगलं, माझ्या पायांशी काही पाटी-बोचकं आहे का ते वाकून पाहिलं आणि मला म्हणाला, "काका, भाजीवाल्यांचा लगेजचा डबा मागे असतो."

घरी आल्यावर मी रीतसर परीक्षा घ्यायची ठरवली. बायको कोशिंबिरीची तयारी करत होती. मी काही न सांगता डावं मनगट तिच्यापुढे धरलं.

"ढोबळी मिरची चिरलीत?" ती म्हणाली. मग पुन्हा एकदा वास घेऊन, "नाही, काकडीपण आहे. पण काकडी तर मी आत्ता चिरतेय. तुम्ही कुठे चिरलीत?"

मी उजवा हात पुढे केला.

"माठातलं पाणी सांडलं का अंगावर? वाळ्याची जुडी हलवू नका म्हणून किती वेळा सांगितलंय."

मी खिन्न झालो. पॅरिसच्या कुठल्याशा प्रयोगशाळेत कोणी नाक झिजवून जो सुगंध घडवला, त्याची बोळवण कोशिंबिरीत झाली होती. अरसिकतेचा हा पुरावा खोडून काढण्यासाठी रात्री मी वाचायला बसलो, आणि वाचता वाचता आणखी खचत गेलो. कारण बायकोचं म्हणणं अक्षरशः बरोबर निघालं. व्हायोलेटच्या पानाला जो ओलसर वास आहे, त्यातलं मुख्य द्रव्य काकडीतही असतं आणि काकडीला काकडीचा वास त्यामुळेच येतो. गॅल्बनममध्ये अगदी लेशमात्र असं एक द्रव्य आहे की तेच ढोबळ्या मिरचीचा वास. हे द्रव्य इतकं जहाल की पाण्याच्या एक लाख कोटी भागांत त्याचे दोन भाग असले तरी माणसाच्या नाकाला कळतात. बायकोच्या नाकाला बहुधा त्याहूनही कमी पुरत असावेत. खिशातल्या सिगरेटच्या बाबतीत मी हा अनुभव पूर्वी घेतलेला आहे.

गॅल्बनम म्हणजे तरी काय, तर इराणकडच्या एका झुडपाचा चीक. हे झुडूप फेरुला कुळातलं. याच कुळातल्या दुसऱ्या झुडपाच्या मुळाचा चीक आपण फोडणीत टाकतो आणि त्याला हिंग म्हणतो. म्हणजे मी ज्या सुगंधावर भाळलो होतो, तो हिंगाच्या चुलत बहिणीचा होता. ही माहिती मी घरात अजून कोणाला सांगितलेली नाही.

कापलेल्या गवताचं प्रकरण तर याहून करुण आहे. पान फाटलं की त्याच्या पेशींतली स्निग्ध द्रव्यं काही सेकंदांत तुटतात आणि त्यांतून हा हिरवा वास उडतो. अळीने पान कुरतडलं की असाच वास सुटतो आणि तो हुंगून अळ्यांवर जगणाऱ्या गांधीलमाश्या तिथे येतात. आपण ज्याला ताजेपणा म्हणून उराशी धरतो, तो झाडाचा आरडाओरडा असतो. शिवाय या हिरव्या द्रव्यांपैकी एक ढेकूणही सोडतो, धोक्याची सूचना म्हणून. हे वाचल्यावर मी उठून मनगट साबणाने धुतलं.

तरीही पॅरिसची बाजू सोडवेना. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी बायकोला इतिहास ऐकवला. हिरव्या अत्तरांची फॅशन ज्याने आणली, ते बाल्मँचं व्हाँ व्हेर, म्हणजे हिरवा वारा, 1947 साली निघालं. ते घडवलं जर्मेन सेलिए नावाच्या बाईने. ज्या काळात या धंद्यात बायका औषधालाही सापडत नव्हत्या, त्या काळात तिने एरवी चिमूटभर पडणारं गॅल्बनम सढळ हाताने ओतलं, आणि युद्धाने पिचलेलं पॅरिस त्या हिरव्या वाऱ्याने खूश झालं.

"1947 साली आपल्याकडे जरा दुसरी कामं होती," बायको म्हणाली, "पण बाईचं कौतुक आहे. सढळ हाताने ओतायला धीर लागतो. तुम्ही नमुन्याची कुपी घेऊन आलात."

यापुढे मी स्वतःच्याच नाकावर विसंबायचं ठरवलं. रोज सकाळी एका हाताला हे, दुसऱ्या हाताला ते लावून ऑफिसला जायचं आणि तासातासाने हुंगायचं. दोन्ही मनगटं आळीपाळीने नाकाशी नेऊन डोळे मिटणाऱ्या माणसाबद्दल ऑफिसात काय बोललं जातं, ते मला चहावाल्याकडून कळायचं. आधी देवभोळेपणा, मग मधुमेह आणि शेवटी राजीनामा, अशा क्रमाने अफवा चढत गेल्या.

निकाल मात्र लागेना, कारण तो वेळेवर अवलंबून होता. सकाळी घरातून निघताना पॅरिस बाजी मारायचं. ठाणं येईपर्यंत गवत उडालेलं असायचं, कारण ते हलकं द्रव्य, हवा लागली की पसार. काकडी आणि ढोबळी मिरची थोडी तग धरून राहायच्या, दुपारच्या जेवणाला त्याही सोडून जायच्या. वाळा मात्र सकाळी जरा घुम्यासारखा वाटायचा आणि ऊन चढेल तसा खुलायचा. त्याचे रेणू जड, त्यांना घाई नसते. लावलेला वाळा दुसऱ्या दिवशी आंघोळ केल्यावरही सापडतो.

आणि एका संध्याकाळी विलक्षण गोष्ट घडली. मी डावं मनगट हुंगलं, उजवं हुंगलं, पुन्हा डावं हुंगलं, आणि मला कुठलं कुठलं ते ओळखता येईना. दोन्हीकडे एकच वास : ओली मुळं, माठ, अंगण. आधी वाटलं नाक कायमचं गेलं. मग मॉलमधल्या मुलीचे शब्द आठवले, "बेसला व्हेटिव्हर." शोधलं तर ते आपल्याच वाळ्याचं मूळ. भारतातलं हे गवत जगभर गेलं, आणि आज पाश्चात्त्य अत्तरवाल्यांना त्याचं तेल मुख्यतः हैतीहून मिळतं. म्हणजे ज्यांच्यातून एक निवडण्यासाठी मी घरादाराची झोप उडवली, ते दोन्ही उमेदवार संध्याकाळी एकाच पक्षात जात होते. फरक एवढाच की पॅरिसवाला कोशिंबिरीच्या वाटेने जायचा आणि त्या वाटेचे पैसे वेगळे पडायचे.

या शोधाने खरं तर प्रश्न सुटायला हवा होता. पण मनात एक शल्य राहिलंच. साहेब लोक बाटली उघडतात आणि म्हणतात, अहाहा, काय हिरवाई! आमच्याकडे पहिला प्रश्न, "कसला वास येतोय?" आपल्याकडे वास नुसता येत नाही, तो कशाचा तरी येतो. दुधाचा, करपल्याचा, पावसाचा, शेजाऱ्यांच्या सुकटीचा. ज्याला रोज भाजी निवडायची आहे, माठ भरायचा आहे, त्याच्या नाकाला हिरवेपणा म्हणून वेगळं काही सापडत नाही, त्याला सरळ जिन्नस सापडतो. हिरवेपणाचं कौतुक करायला माणूस माझ्यासारखा लागतो, ज्याने कोथिंबिरीची जुडी आयुष्यात फक्त पिशवीतून काढून ओट्यावर ठेवली आहे. असा मी घरात एकटाच. तेव्हा मांडवात, चार परक्या माणसांत, आपल्या वासाला निखळ वास म्हणून न्याय मिळेल, या आशेने मी दोन्ही कुप्या बॅगेत टाकल्या आणि आम्ही कल्याणहून विदर्भ एक्स्प्रेस धरली.

लग्नाच्या सकाळी बॅग उघडली आणि खोलीतले सगळे एकदम गप्प झाले. पाव तोळा वाळा झब्ब्याच्या वरच्या खिशात रिकामा झाला होता. अत्तराला एरवी कापसाचा फाया पुरतो, माझा अख्खा झब्बा फाया झाला होता. खिशाभोवती तळहाताएवढा हिरवा डाग. तांब्याची झाक पांढऱ्या सुती कापडावर फारच खुलते. दुसरा झब्बा नव्हता. ताईचे डोळे भरून आले, ते प्रसंगामुळे की वासामुळे ते विचारायची ती वेळ नव्हती. बायकोने उपरणं घडी घालून डागावर असं बसवलं की जणू ती रीतच आहे, आणि म्हणाली, "आज सढळ हाताने ओतलंत हो."

मी हरलो नव्हतो. डाव्या मनगटावर पॅरिसचा उरलासुरला नमुना रिता केला आणि ताठ मानेने कार्यालयात शिरलो. दारात परकर-पोलक्यातल्या चिमुरड्या अत्तरदाणी आणि गुलाबदाणी घेऊन उभ्या होत्या. एकीने माझा डावा हात धरला आणि त्यावर मोगऱ्याचं असं काही माखलं की गॅल्बनम, व्हायोलेट आणि 1947 साल दारातच निवर्तलं. दुसरीने तोंडावर गुलाबपाणी उडवून अंत्यविधी पुरा केला.

मंगलाष्टकं पार पडली. नवरा-नवरी लागोपाठ शिंकली, पण ते अक्षतांच्या धुळीमुळे असं सगळ्यांनी समजून घेतलं. मग पंगतीला अवकाश होता म्हणून मी हॉलच्या कडेला खुर्ची ओढून बसलो. चारी कोपऱ्यांत मोठाले कूलर घुमत होते, पण त्यांच्या ताट्यांत हल्लीचं लाकडाच्या भुशाचं गवत भरलेलं. वाळ्याच्या ताट्या महाग पडतात. एक आजीबाई पदराने वारा घेत माझ्यावरून पुढे गेल्या, थबकल्या आणि मागे आल्या.

"माय वो, इथं वाळ्याचा कूलर लावला काय?"

त्यांनी खुर्ची ओढली. त्यांना पाहून त्यांची बहीण आली, बहिणीच्या मागे विहीणबाई, आणि बघता बघता माझ्याभोवती नऊवारी-सहावारींचं कडं झालं. कोणी डोळे मिटले, कोणी पोलक्याचं वरचं बटण सैल केलं. कसला वास म्हणून कोणी विचारलं नाही. वऱ्हाडातल्या नाकाला त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं.

"वास तं येऊन राहिला, पण हवा काहून नाही येऊन राहिली?" बहीण म्हणाली.

"बंद असन," आजीबाईंनी निदान केलं आणि नातवाला हाक मारली. "ए बाबू, ह्या भाऊंच्या मागं पाह्य बरं. तिथं बटन असन."

मुलीच्या मामाला शोभेलशा सभ्यपणे मी पुढे वाकलो. पोराने माझ्या खुर्चीमागे भिंत चाचपली, खुर्चीखाली डोकं घातलं, मग उभं राहून माझ्या उपरण्याजवळ नाक आणलं.

"आजी, कूलर नाही वो, मामा आहे!"

आजीबाईंनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. "मंग त्यायले म्हणा, जेवणं होईपर्यंत तिथंच बसा."